मेजरचा पंखा

हक्कसोडपत्रावर सही करून झाल्यावर दादाने विचारलं, "तुला घरातलं काही हवंय का?" विचारायची पद्धत असते म्हणून विचारलं. मी म्हटलं, "पंखा." तो छताकडे बघायला लागला. "तो नाही रे. मेजरचा."

धुळे तालुक्यातलं, पांझरेकाठचं आमचं धाब्याचं घर दोन वर्षांपूर्वी पाडलं. सागाचे खांब, कड्या आणि चौकटी मोजून जायला गिऱ्हाइकं आधीच येऊन गेली होती. तांब्या-पितळेची भांडी चुलत भावांत वाटली गेली. मधल्या खणात, धान्याच्या कोठीला लागून, भिंतीवर उभा टांगलेला तो पुरुषभर उंचीचा लाकडी पंखा मात्र कुणाच्याच यादीत नव्हता. भंगारवाल्याने त्याच्या टोकाचं पितळ नखाने खरवडून पाहिलं होतं, तेवढीच त्याची चौकशी.

पंख्याची गोष्ट आमच्या घरात ठरलेली होती. लढाईच्या काळात एक गोरा मेजर विमानातून चालला होता, पांझरेच्या पात्रात विमान पडलं, मेजर जागीच गेला आणि आमच्या आप्पांनी, म्हणजे आजोबांनी, त्या विमानाचा पंखा उचलून घरी आणला. आप्पा सुतार, त्यामुळे लाकूड सोडवेना, असं त्याचं स्पष्टीकरण. मोठी माय, म्हणजे आजी, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची आगारी टाकताना एक घास "त्या साहेबाच्या" नावाने टाकायची. परमुलखात मेला बिचारा, त्याला इथे कोण घालणार? लहानपणी मला या साहेबाची भीती वाटायची. रात्री कोठीशेजारून पाणी प्यायला जाताना मी पंख्याकडे बघत नसे.

धुळ्याला माझ्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पंखा आला तेव्हा तो सोफ्याच्या मागे आडवा ठेवावा लागला. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. मोजणे हा माझा धंदा आहे आणि खोडही. साहेबाचं नाव शोधायचं, एवढंच माझ्या मनात होतं. नाव मिळालं की दोन ओळींची पाटी करून पंख्याखाली लावायची.

पहिली चूक पहिल्याच रविवारी केली. आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. त्याआधी घराची रंगरंगोटी होते, आणि डब्यात उरलेला रंग दरवर्षी कुठेतरी संपवायचा असतो. तो पंख्यावर संपत आलेला. वर रुपेरी ऑइल पेंट, त्याखाली हिरवा, त्याखाली चॉकलेटी. मी थिनर आणला आणि एका पात्याच्या टोकाकडचा रंग बोळ्याने पुसायला घेतला. तिन्ही थर सुटले, आणि त्यांच्या खालून पिवळ्या रंगाचा एक पट्टा आणि रुपयाएवढं काहीतरी छापील चिन्ह वर आलं. मी आनंदाने बोळा आणखी एकदा फिरवला. पट्टाही गेला, चिन्हही गेलं. पिवळा डाग पडलेला तो कापूस मी कितीतरी दिवस डबीत ठेवला होता. त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं, तरी टाकवेना.

हे मुद्दाम सांगते, कारण जुनी लाकडी वस्तू हातात आली की आपल्याकडे आधी पॉलिश पेपर निघतो. अशा पंख्याची सगळी कुंडली त्याच्या मधल्या जाड भागावर ठशांनी मारलेली असते. बैलगाडीच्या चाकाला असतो तसा हा तुंबा. ठसे असतात जेमतेम एक मिलिमीटर खोल. कागद चार वेळा फिरला की कुंडली भुग्यात.

ठसे सापडले ते कोठीच्या कृपेने. पंख्याच्या उजव्या अंगाला कोठी टेकलेली असल्यामुळे रंगवणाऱ्याचा ब्रश तुंब्याच्या त्या बाजूला नीट पोचलाच नव्हता. तिथे रंगाचा एखादाच थर होता. रात्री दिवे मालवून मोबाइलचा टॉर्च अगदी लाकडाला चिकटवून तिरपा धरला, तेव्हा गुळगुळीत वाटणाऱ्या जागेवर सावल्या उठल्या. समोरून उजेड टाकला की सगळं नाहीसं. बटरपेपर लावून मऊ पेन्सिल फिरवली, पावडर चोळून फडक्याने पुसली. तीन रात्री हा उद्योग चालला. इंग्रजी अक्षरं हाती आली ती अशी: एका ओळीत अर्धवट "पी एस वाय", पुढे स्वच्छ "मेजर". त्याखाली "डी" आणि पुसट आकडे. मग "पी", त्यापुढे ४ आणि टिंब. बाजूला सुटी दोन अक्षरं, "एल" आणि "एच".

मी फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि घात केला. दादाचा पाच मिनिटांत फोन: "मेजर एल. एच.! बघ, आप्पा खोटं बोलत नव्हते." पुतण्याने रात्रभर बसून दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या याद्या चाळल्या. एल आणि एच आद्याक्षरांचे मेजर त्याला निघालेही, कारण इंग्रजी नावांत ती अक्षरं काही दुर्मीळ नाहीत. एक इटलीत पुरलेला, एक ब्रह्मदेशात. ब्रह्मदेशातला सगळ्यांना पटला. जाताना वाटेत धुळं लागतं, असं काकांचं मत पडलं. नकाशा कुणी पाहिला नाही.

मलाही तेव्हा ते पटलं होतं. पाटीचा मजकूर मी लिहायला घेतला होता. अडलं ते एका फालतू शंकेवर: मेलेल्या माणसाचं नाव त्याच्या विमानाच्या पंख्यावर, ठशाने, तो जिवंत असताना कोण मारून ठेवेल?

मधल्या काळात मुंबईच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला फोटो गेले. ते कुणी पाठवले हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण आमच्यातलाच कुणीतरी. त्याने ठसे न बघताच निकाल दिला: पहिलं महायुद्ध, जर्मन, शंभर वर्षांहून जुना. आकडाही मोठा सांगितला. माल परदेशी गिऱ्हाइकाकडे जाणार होता. मी कागद वाचणारी बाई आहे. १९७२ चा पुरावस्तू कायदा काढला, तर त्यात शंभर वर्षांची वस्तू म्हणजे पुरावस्तू, आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे त्याचं म्हणणं खरं असेल तर सौदा बेकायदा, आणि सौदा कायदेशीर असेल तर त्याचं म्हणणं खोटं. हे त्याला फोनवर सांगितलं. त्याने पुन्हा फोन केला नाही.

पण पहिलं महायुद्ध की नाही, हा प्रश्न त्याने डोक्यात सोडून दिला होता. म्हणून मोजायला बसले.

टोकापासून टोकापर्यंत १९३ सेंटीमीटर, म्हणजे ६ फूट ४ इंच. तुंब्यात मधोमध मोठं आरपार भोक, त्याभोवती वर्तुळात बोल्टांची आठ भोकं. पहिल्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांचे पंखे याहून बरेच मोठे असत. सॉपविथ कॅमलचा पंखा २५९० मिलिमीटरचा, साडेआठ फुटांचा. त्या काळच्या ब्रिटिश पंख्यांवर व्यास आणि पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा किती पुढे जाईल ते माप, मिलिमीटरमध्ये मारलेले सापडतात, म्हणजे चार आकडी संख्या. माझ्या "पी"पुढे ४ आणि टिंब होतं. मिलिमीटरला टिंब कशाला? हे फूट असणार. जर्मन पंख्यांवर कारखान्याचं नाव असे. बर्लिनच्या एका कारखान्याचं नाव तर चक्क "गरुड" होतं. इतिहासात कुठेतरी एक जर्मन माणूस विष्णूच्या वाहनाचं नाव लाकडावर ठोकत बसला होता, याची मला फार गंमत वाटली. आमच्या पंख्यावर मात्र गरुडबिरुड काही नव्हतं.

मग लाकूड. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, पण ताम्रपट आणि हस्तलिखितांच्या घरी विमानाचा पंखा नेणं बरं दिसेना. मी गावच्या मिस्त्रींना बोलावलं. आप्पांच्या हाताखाली शिकलेल्या सुताराचे ते चिरंजीव. त्यांनी बोल्टाच्या भोकात बोट घातलं, आतून नख ओढलं, बोट हुंगलं. "साग नाही. सागाचा तेलकट वास लपत नाही." मग दाढीच्या नव्या पात्याने भोकाच्या कडेला आडवा, केसाएवढा काप घेतला आणि घड्याळजीचं भिंग लावलं. सागात मोठी छिद्रं वर्षाच्या वळ्याला ओळीने लागलेली असतात, मुंग्यांच्या रांगेसारखी. इथे ती सगळीकडे सारखी विखुरलेली, आणि मधूनमधून एक बारीक फिकट रेघ. "अक्रोड म्हणावा तर इतका काळा नाही, आणि अक्रोडाची छिद्रं एका अंगाला मोठी असतात. हे महागनी. आपल्या सातपुड्यातलं नव्हे."

त्यांनी आणखी एक दाखवलं, जे मी वर्षानुवर्षं बघूनही पाहिलं नव्हतं. पंखा एका ओंडक्यातून कोरलेला नव्हता. बोटभर जाडीच्या फळ्या एकावर एक सरसाने चिकटवून, आधी हातातल्या पत्त्यांसारख्या थोड्या थोड्या फिरवून रचून, मग त्यांतून पातं काढलेलं. पात्यावर नदीकाठच्या गाळासारखे जे वळणदार पट्टे दिसतात ते म्हणजे त्या फळ्यांच्या कडा. एकसंध लाकूड हवेप्रमाणे वाकतं, तडकतं. थरांमुळे एकाची ओढ दुसरा धरतो. मिस्त्रींनी पात्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "दोन्ही पाती सारखी रंधायची म्हणजे खायचं काम नाही."

पाती सारखी आहेत का, हेही पाहिलं. मधल्या भोकातून गुळगुळीत लोखंडी पाइप घातला, दोन खुर्च्यांच्या पाठींवर ठेवला आणि पंखा सोडला. प्रत्येक वेळी तेच पातं हळूहळू खाली येऊन थांबायचं. जे सत्तर वर्षं भिंतीवर खालच्या बाजूला होतं तेच. लाकडी पंखा असा उभा टांगला की ओल खालच्या पात्यात उतरते आणि तोल जातो. म्हणून विमान उभं करतानासुद्धा पंखा आडवा करून ठेवतात. त्याच पात्याच्या पितळी टोकाला सुईने पाडल्यासारखी तीन छिद्रं आहेत. ती आम्ही भंगारवाल्याची करामत समजत होतो. ती मुळातलीच आहेत: पंखा फिरताना लाकडातला ओलावा टोकाकडे फेकला जातो, तो बाहेर पडायला वाट हवी.

एवढं झाल्यावर मी पिचच्या नादी लागले, आणि इथे मला दहावीचा वर्ग कामाला लावता आला. पिच म्हणजे स्क्रूचा आटा. स्क्रू एक फेरा फिरला की लाकडात किती आत जातो, तसा पंखा एका फेऱ्यात हवेत किती पुढे जाईल तो आकडा. इंग्रज त्याला एअरस्क्रू म्हणत तो यासाठीच. मध्यापासून टोकापर्यंतच्या अंतराच्या पाऊण भागावर, म्हणजे आमच्या पंख्यात ७२.४ सेंटीमीटरवर, पातं किती अंश कललंय ते मोजायचं. त्या जागेच्या वर्तुळाच्या परिघाला त्या कोनाच्या टॅनने गुणायचं. शाळेतला टेबल पाणसळीने सपाट केला, पंखा त्यावर आडवा, मिस्त्रींचा गुण्या, एक ओळंबा आणि कंपासपेटीतले कोनमापक. मुलांचे पाच गट केले. पाच उत्तरं आली, १२८ पासून १४१ सेंटीमीटरपर्यंत. एका गटाने तर पंखा उलटाच ठेवला होता. सरासरी कोन साडेसोळा अंशांच्या आसपास. परीघ ४५५, टॅन ०.२९६. उत्तर सुमारे १३५ सेंटीमीटर, म्हणजे ४.४ फूट.

"पी ४."

वर्गात टाळ्या पडल्या. त्रिकोणमिती शिकवण्याच्या बावीस वर्षांत टॅनला टाळ्या मी तेव्हाच ऐकल्या.

आता हातात होतं: लहान पंखा, म्हणजे लहान इंजिन. आठ बोल्ट. महागनी. माप फुटांत. आणि एक मेजर. हे सगळं वहीत लिहून मी गोंदूरला गेले. धुळ्याजवळच्या या धावपट्टीवर विमान चालवायला शिकवतात. आमच्या वस्तीवरून सकाळी घरघर करत जाणारी ती छोटी विमानं तिथलीच. गेटवर आधी त्यांना वाटलं मी मुलाच्या प्रवेशाची चौकशी करायला आलेय. पण विमानांची देखभाल बघणारे एक वयस्क गृहस्थ चहाला बाहेर आले होते, त्यांनी वही घेतली. ठशांच्या पानावर ते थांबले नाहीत. पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या बाजूला फिरतो?"

मी म्हटलं, आता तर फिरत नाही.

ते हसले आणि चहाच्या टपरीवरच्या फळीवर बोटाने काढून दाखवलं. पात्याची एक बाजू सपाट, एक फुगीर. फुगीर बाजू विमानाच्या पुढे, सपाट बाजू चालकाकडे. पात्याची एक कड जाड, गोलसर, तिच्यावरच पितळ मढवलेलं. ती हवा कापते, पंखा तिच्या दिशेने फिरतो. तुम्ही चालकाच्या जागी उभ्या राहा, म्हणजे सपाट बाजू तुमच्याकडे, आणि सांगा. मी डोळे मिटून सोफ्यामागचा पंखा आठवला. वरच्या पात्याचं पितळ डाव्या हाताला.

"म्हणजे डावा. घड्याळाच्या उलट. लेफ्ट हँड. एल. एच."

मेजरची आद्याक्षरं तिथे, टपरीवर, गेली.

अमेरिकन लहान इंजिनं चालकाकडून बघता उजवीकडे फिरतात, त्यांनी सांगितलं. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांत पुष्कळ वर्षं चाललेलं हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं पुष्पक घ्या, त्याला ९० अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल इंजिन. त्याचा पंखा उजवा आणि सहा बोल्टांचा. तुमचा डावा आणि आठ बोल्टांचा, म्हणजे तो बाद. डावीकडे फिरणारं, लहान, ब्रिटिश, आणि नावात मेजर? मग त्यांनी माझं बोट धरून वहीतल्या त्या अर्धवट अक्षरांवर ठेवलं. पी एस वाय. "याच्या आधी जी आय असणार. जिप्सी. जिप्सी मेजर. हे माणसाचं नाव नाही हो, इंजिनाचं आहे."

डी हॅविलँड कंपनीचं हे इंजिन १९३२ मध्ये आलं. चार सिलिंडरचं, उलटं टांगलेलं, हवेने थंड होणारं, १३० अश्वशक्तीचं. फ्रँक हॅलफर्डने केलेल्या जिप्सी घराण्यातलं. त्या घरात मेजर आहे, मायनर आहे, सिक्स आहे, क्वीनही आहे. मेजर म्हणजे थोरला, मायनर म्हणजे धाकटा, लष्कराशी त्याचा संबंध नाही. जिप्सी हे पतंगाच्या एका जातीचंही नाव. कंपनीचे संस्थापक जेफ्री डी हॅविलँड यांना पतंग-फुलपाखरांचा छंद होता, म्हणून विमानांची नावं पतंगांवरून: जिप्सी मॉथ, पस मॉथ, टायगर मॉथ. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून मुंबईला टपाल आणलं ते पस मॉथमधून.

जिप्सी मेजर ज्या विमानाने जगभर पोचवलं ते टायगर मॉथ. पंखांच्या दोन जोड्यांचं, उघड्या बैठकीचं, शिकाऊ वैमानिकांचं विमान. पहिलं उड्डाण २६ ऑक्टोबर १९३१, आणि पुढे आठ हजारांहून जास्त बनली. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे हैदराबादजवळ बेगमपेठला आणि जोधपूरला वैमानिकांना पहिले धडे याच विमानावर मिळत. स्वातंत्र्यानंतर भारतीय हवाई दलातही ते होतं. पन्नाशीच्या दशकात हिंदुस्थान एअरक्राफ्टचं, म्हणजे पुढच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं, एचटी-२ आलं आणि त्याने ही जागा घेतली. माझं पिचचं गणित मी या विमानाला लावून पाहिलं. मिनिटाला २००० फेरे, फेऱ्याला १.३५ मीटर, म्हणजे तासाला १६२ किलोमीटर. हवा लाकडासारखी घट्ट नसते, पंखा थोडा घसरतो, तेव्हा प्रत्यक्षात त्याहून कमी. टायगर मॉथचा नेहमीचा वेग तासाला १४५ च्या आसपास. जमलं.

त्या गृहस्थांनी नंतर एका रविवारी घरी येऊन पंखा पाहिला. तुंब्याच्या खालच्या कडेला, दोन थरांच्या सांध्यात, पोस्टकार्ड सरकेल एवढी फट होती. ती आम्हाला कधी दिसली नव्हती. त्यांनी तिथे नख ठेवलं. "एवढ्यावर पंखा बाद. हा उतरवलाय, पडलेला नाही. विमान नाकावर पडलं तर आधी पंख्याचा चुरा होतो, आणि याची दोन्ही टोकं शाबूत आहेत." सांध्याशेजारी छोट्या गोलात "ए. आय. डी." अशी अक्षरं दिसली, ब्रिटिशांच्या विमान-तपासणी खात्याचा शिक्का. मी विचारलं, नेमकं कुठल्या विमानाचा? ते म्हणाले, पंखा हा टायरसारखा असतो, आज या गाडीला उद्या त्या. कुठला पंखा कधी कुठे चढला हे त्याच्या लॉगबुकात लिहितात. ते पुस्तक मिळालं तर सांगतो. जिप्सी मेजर टायगर मॉथखेरीज माइल्स मॅजिस्टरला, लेपर्ड मॉथलाही असे, त्यामुळे मीही पाटीवर फक्त "जिप्सी मेजर इंजिनाचा पंखा" लिहायचं ठरवलं.

मग पंखा आमच्या घरी आला कसा? पांझरेच्या पात्रातून तर नाही.

ते माहीत असणारं एकच माणूस उरलं होतं, आणि मी सगळ्यात शेवटी तिच्याकडे गेले. अमळनेरला फुई, म्हणजे आत्या, राहते. वय ऐंशीच्या वर, कान थोडे गेलेत, बाकी ठणठणीत. इतकी वर्षं तिला कुणी विचारलंच नव्हतं. हक्कसोड तिनेही केली होती, माझ्याआधी पन्नास वर्षं, आणि तिला तर कुणी काय हवं तेही विचारलं नाही.

तिने सांगितलं ते असं. आप्पा तेव्हा मुंबईला कामाला होते, जुहूला, "इमानना कारखाना"त. ती सात-आठ वर्षांची असेल, म्हणजे १९५० च्या आगेमागे. एका संध्याकाळी गावात बोंब उठली की आप्पा तिरडी घेऊन आला. बैलगाडीत गोधडीत गुंडाळलेलं, दोरीने तीन ठिकाणी बांधलेलं, माणसाएवढं लांब काहीतरी. बाया रडायला लागल्या, मोठी माय ओट्यावरच बसली. आप्पा खाली उतरले आणि गोधडी सोडली. मुंबईहून चाळीसगाव, तिथे गाडी बदलून धुळं, आणि तिथून गाडीवाट. वाटेत कुणीतरी त्याला प्रेत समजून डब्यात जागा करून दिली होती, त्यामुळे बसायला मिळालं, असं आप्पा पुढे हसून सांगत. लगेजचे पैसे मात्र द्यावे लागले. बाद झालेला पंखा त्यांना मुकादमाने दिला होता की त्यांनी डिस्पोजलच्या ढिगातून चार आण्यांना घेतला होता, यावर फुई दोन वेळा दोन वेगळं बोलली. मी दोन्ही लिहून घेतलं.

तिच्या पेटीत आप्पांचं एक पोस्टकार्डही निघालं. त्यात पावसाची चौकशी, बैलाची चौकशी, आणि एक ओळ: इथे पंखांना कापड चढवायचं काम जोरात आहे, लाकूडकाम मोजूनमापून द्यावं लागतं. टायगर मॉथचं धड लोखंडी नळ्यांचं, पण पंख लाकडी सांगाड्याचे, त्यांवर कापड ताणून लेप दिलेला. सुताराला तिथे काम होतं.

"मग मेजर कुठून आला?" मी ओरडून विचारलं.

"आप्पा सांगे ना. कोनी इचारं का म्हने, हाऊ मेजरना पंखा शे."

बस. आप्पांनी तेवढंच सांगितलं होतं, आणि ते अक्षरशः खरं होतं. त्यांनी पुढचं मागचं काही सांगितलं नाही, ते मितभाषीच. मेजर म्हटल्यावर ऐकणाऱ्यांना साहेब दिसला. साहेब मेल्याशिवाय त्याचा पंखा आपल्या घरी कसा येईल? म्हणून तो मेला. मरायला जागा हवी, तर पांझरा जवळच होती. आप्पा १९६८ ला गेले, त्यामुळे दुरुस्त करायला कुणी नव्हतं.

मी फुईला फोटो दाखवले, इंजिनाचं चित्र काढून दाखवलं, चार सिलिंडर, उलटे. मेजर म्हणजे हे, माणूस नव्हे. तिने चष्मा वर करून चित्र बराच वेळ पाहिलं.

"मंग आप्पा खरंच सांगे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आनि साहेब?"

साहेब नव्हताच, मी म्हटलं.

पंखा आता माझ्या हॉलमध्ये आडवा टांगलाय, दोन्ही पाती एका पातळीत. राहिलेला रंग तसाच आहे, थिनरची बाटली शेजारणीला दिली. दादाचा ब्रह्मदेशातला मेजर ग्रुपवर अजून जिवंत आहे, म्हणजे मेलेला आहे. यंदा आखाजीला फुई माझ्याकडे होती. सांजोऱ्या झाल्या, आमरस झाला. गोवरीच्या निखाऱ्यावर आगारी टाकताना आप्पांचं नाव झालं, मोठ्या मायचं झालं, नानांचं झालं. मी ताट उचलायला गेले, तर फुईने हात धरला. एक घास अजून बाजूला काढलेला होता.

"फुई, ते इंजिन होतं," मी म्हटलं.

"इंजिन तं इंजिन. इतला वरीस जेवना, आते कसाले उपाशी ठेवस?"